वर चार ओळी सोडून

डाव्या हातात आलुबोंडा होता, म्हणून उजव्या हाताने सही करता आली. उलटं असतं तर काही वाचलं असतं असं मात्र नाही. मी आलुबोंडा संपवला असता, हात पँटला पुसला असता आणि मग सही केली असती. सही करायची संधी मी आजवर सोडलेली नाही. शोकसभेला मी बोलायला उभा राहत नाही, पण वही फिरली की सही करतो. एकदा रक्तदान शिबिरातून रक्त न देता परत आलो. सही तेवढी करून आलो.

त्या रविवारी आमच्या गावच्या बगिच्यात ‘नागरिक संवाद’ होता. फाटकावर फ्लेक्स लागला होता. त्यावर सात जणांचे फोटो आणि एक झाड होतं, तेही परदेशातलं. संवाद घडवून आणणारे आमच्या वॉर्डाचे माजी नगरसेवक. पालिकेवर त्या वेळी प्रशासक बसलेला असल्यामुळे गावातले सगळेच नगरसेवक माजी झाले होते, पण हे भाऊ माजी आहेत हे त्यांना कोणी कळवलं नसावं. त्यांनी माइकवर अर्धा तास एकट्यानेच संवाद केला. बगिच्याचा कायापालट होणार, गावाच्या वैभवात भर पडणार, शहरं कुठल्या कुठे गेली आणि आपण अजून इथंच, असं बरंच. आपण इथंच असण्यात काय वाईट आहे हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही, कारण तोवर रश्श्याच्या तिखट तर्रीचा वास सुटला होता.

मग आलुबोंडे आले आणि त्यांच्या मागून एका पॅडला लावलेला रेघांचा कागद आला.

“सर, पयली सही तुमची,” भाऊ म्हणाले.

मी सर नाही. मी एका खासगी शाळेत मुख्य लिपिक आहे. पण शाळेच्या आवारात इतकी वर्षं उभा असल्यामुळे गाव मला सर म्हणतं आणि मी गावाला दुरुस्त करत नाही. पहिली सही मला दिली याचा मला आनंद झाला, हे मान्य करायला हवं. माझी सही प्रेक्षणीय आहे. अठराव्या वर्षी वह्यांच्या मागच्या पानांवर घोटून घोटून मी ती तयार केली. पहिलं अक्षर मोठं, मग एक लाट, आणि शेवटी एक शेपूट, जे खालून वळून वर जातं ते थेट वरच्या ओळीत शिरून थांबतं. मी ती केली, आजूबाजूच्या दोघांनी पाहिली, आणि मी पॅड पुढे दिलं.

कागदावर वर चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. त्या मला दिसल्या नाहीत असं नाही. मला तर त्या पाहून बरं वाटलं. कुणीतरी जाणकार माणूस काम करतोय, असं वाटलं.

आता हा बगिचा म्हणजे काय, ते सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की फार मोठं काही जाणार होतं. बगिचा दीड एकराचा. मधोमध एक कारंजं आहे, ते उद्घाटनाच्या दिवशी उडालं आणि मंत्र्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाली तसं बसलं. सिमेंटची दोन हरणं आहेत. एकाचं शिंग मोडलं आहे आणि दुसऱ्याच्या तोंडात कुणीतरी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी ठेवून जातं. व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत, त्यांच्यावर ओले पंचे वाळतात. वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक भिंतीलगत जातात, त्यामुळे रस्त्याकडची मेंदी काळी आणि आतली हिरवी. पण करंज आहेत, चार कडुनिंब आहेत, आणि मागच्या बाजूला एका जुन्या कडुनिंबाभोवती गोल ओटा आहे. चैत्रात दुपारी बाराला तिथे जो गारवा असतो, तो पालिकेने दिलेला नाही, म्हणून तो अजून टिकून आहे.

तो ओटा माझ्या बायकोचा.

तसा तो सार्वजनिक. पण संध्याकाळी पाच ते साडेसहा तो बायकांचा असतो. मुलगी शिकायला नागपूरला गेली त्या वर्षी आमच्या घरातली बडबड गेली. बायको दिवसभर कामात असायची आणि संध्याकाळी खिडकीशी उभी राहायची. मी विचारलं की म्हणायची, “काही नाही, उभी हाय.” डॉक्टरने गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिला झोप यायची आणि उठली की पुन्हा खिडकी. मग शेजारच्या निवृत्त नर्सबाई, ज्यांना गाव अजून सिस्टरच म्हणतं, एक दिवस तिला ओढून बगिच्यात घेऊन गेल्या. त्या दिवशी ती साडेसहाला परत आली आणि चहा करता करता मला एका अनोळखी सासूची पूर्ण कर्मकथा सांगितली. मी गोळ्यांचं पाकीट कपाटात ठेवून दिलं.

त्या ओट्यावर कोण कोण येतं याची यादी मला पाठ आहे, कारण घरी रोज बातमीपत्र असतं. शिंप्याची बायको येते. किराणा दुकानवाल्यांची धाकटी सून येते. तिने घरी सांगितलं आहे की डॉक्टरने चालायला लावलं, आणि ती फाटकापासून ओट्यापर्यंत खरोखर चालते. बसस्टँडजवळ भाजी विकणारी एक बंजारा बाई उरलेली सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन येते आणि वाटून टाकते. हिवाळ्यात सगळ्या जणी ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसतात. गावात पुरुषाला बसायला पानठेले आहेत, हॉटेलं आहेत, देवळाच्या पायऱ्या आहेत. बाईला काही विकत न घेता, कुणाच्या घरी पाहुणी न होता आणि देवाचं नाव न सांगता बसता येईल अशी जागा ही एवढीच. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटायचं, बायका बगिच्यात बसतात कारण बायकांना वेळ असतो.

संवादाला महिना होऊन गेला असेल. एक दिवस बायको बगिच्यातून सहालाच परत आली. चप्पल न काढता माझ्यासमोर उभी राहिली आणि एक झेरॉक्स माझ्या पेपरवर ठेवली.

“हे कोणाचं हाय?”

मी पाहिलं. सही माझी होती. सहीच्या शेजारी एक काळा गोल डाग होता.

“आणि हा आंगठा. तर्रीचा. तोही तुमचाच असल.”

मग मी वरचा मजकूर वाचला. ‘आम्ही खाली सह्या करणारे नागरिक, सदर जागेवरील उद्यानाचे आरक्षण बदलून त्या ठिकाणी सुसज्ज व्यापारी संकुल व वाहनतळ उभारण्याच्या प्रस्तावास स्वखुशीने संमती देत आहोत.’ स्वखुशीने हा शब्द मी दोनदा वाचला. शब्द तसा खोटा नव्हता. सही करताना मी खुश होतो.

ही प्रत सिस्टरनी चार दिवसांपूर्वी पालिकेतून काढून आणली होती आणि तेव्हापासून ती ओट्यावर फिरत होती. जागेचं आरक्षण बदलतंय आणि महिन्याच्या आत हरकती द्या, अशी नोटीस बगिच्याच्या फाटकावर लागली होती. फाटक दिवसभर आतल्या बाजूला उघडून मेंदीला टेकवलेलं असतं, त्यामुळे नोटीस मेंदीने वाचली असेल. माणसांपैकी फक्त माळ्याच्या लक्षात आली, आणि त्याने ओट्यावर सांगितलं.

“तुमी वाचलं नाही?” बायकोने विचारलं.

“वर काही लिहिलंच नव्हतं, तर वाचू काय?”

“मंग सही कायच्यावर केली?”

“हजेरी होती ती.”

“कोणाची हजेरी? आलुबोंड्याची?”

मी म्हणालो, सगळ्यांनीच केली.

“सगळ्याईचं नाव खाली हाय. तुमचं वर हाय.” ती खाली बसली, आणि मग हळू म्हणाली, “मी ओट्यावर गेली का बायका बोलता बोलता थांबतात आता. त्याईले वाटते मी घरी येऊन सांगीन. सिस्टरच तेवढ्या पह्यल्यासारख्या बोलतात. मी उद्यापासून जात नाही.”

आणि ती दुसऱ्या दिवशी गेली नाही. पाच वाजता खिडकीशी जाऊन उभी राहिली.

इथे मला एक गोष्ट कबूल करावी लागेल, आणि ती या सगळ्यात सगळ्यात लाजिरवाणी आहे. वर चार ओळी सोडून सह्या आधी घ्यायच्या आणि मजकूर मागून लिहायचा, ही युक्ती मला माहीत नव्हती असं नाही. ती मी नोकरीभर वापरत आलो होतो. शाळा समितीची सभा असली की सभासद येतात, चहा घेतात, पोरांच्या लग्नांचं बोलतात, सह्या करून जातात. मग मी दोन दिवस निवांत बसून सभेत काय झालं ते लिहितो. सूचक कोण, अनुमोदक कोण, चर्चा काय झाली, सर्वानुमते काय ठरलं. जी सभा झालीच नाही तिचं इतिवृत्त मी इतकं जिवंत लिहायचो की एकदा एका सभासदाला स्वतःचं भाषण वाचून गहिवरून आलं होतं. जिल्ह्यातल्या निम्म्या संस्था अशाच चालतात आणि उरलेल्या निम्म्या सह्याही मागूनच घेतात. आणि हा कसलेला गडी कोरा कागद पाहून भुलला, कारण पहिली सही त्याला दिली होती.

मी पालिकेत गेलो. तिथला बाबू ओळखीचा होता, म्हणजे त्याने मला बसा म्हटलं नाही.

“सही मागं घ्यायची आहे,” मी म्हणालो.

“सही मागं घ्यायचा नमुना नाही, सर.”

“अर्ज देतो ना.”

“कोणत्या नमुन्यात द्याल? नमुनाच नाही तर आवक कशात घेऊ?”

या उत्तराबद्दल मला राग यायला हवा होता, पण आदर वाटला. हेच उत्तर मी किती पालकांना दिलं आहे.

“मंग काय करू?”

“हरकत टाका. हरकतीचा नमुना हाये.” मग तो जरा जवळ आला. “पण कायले पडता सर यात? संकुल झालं तर चांगलंच हाये ना गावाले.”

संकुलाचं सांगतो. आमच्या गावात आधीच एक व्यापारी संकुल आहे, बसस्टँडसमोर. मासळीबाजार उठवून बांधलं. खालचे गाळे विकले गेले, वरच्या मजल्याच्या शटरला पहिल्या पावसाळ्यात गंज चढला आणि तो आता शटरपेक्षा मजबूत आहे. जिन्यात बकऱ्या बसतात. दुपारी त्या पायऱ्या उतरून येतात तेव्हा त्या मोठं काही खरेदी करून निघाल्यासारख्या दिसतात. मासळीवाल्या समोर रस्त्यावर बसतात, उन्हात. असं दुसरं एक संकुल झालं की गावाचा विकास होतो, हे ज्या माणसाने शोधलं त्याच्या घरी मोठी गच्ची आणि झाडं आहेत. एरवी बगिच्यात तो फक्त फ्लेक्सवर येतो.

हरकत एकट्याने टाकून काय होणार, म्हणून मी सकाळच्या मंडळाकडे गेलो. आम्ही अकरा जण रोज सकाळी बगिच्यात चालतो. तीन फेऱ्या, मग गोल उभं राहून हसणं. हसण्याने हृदय मजबूत होतं असं आमचे अध्यक्ष सांगतात. ते निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि हसण्याची सुरुवात शिट्टी वाजवून करतात. माझ्याखाली त्या कागदावर या दहाही जणांच्या सह्या होत्या. मी झेरॉक्स दाखवली. सगळ्यांनी आपापली सही शोधली, सापडल्यावर समाधान मानलं, आणि कागद परत दिला.

“तसं पाहिलं तर पार्किंगची अडचण आहेच,” एक जण म्हणाला. त्याच्याकडे सायकल आहे.

“माझा मुलगा कामं घेतो पालिकेची. मी काही बोललो तर त्याच्यावर येईल.”

“आपण चालायला हायवेनं जाऊ,” तिसरा म्हणाला. कोळशाच्या ट्रकांमधून तो कसा चालणार होता हे त्याने उलगडलं नाही.

अध्यक्षांनी डोळे मिटून विचार केला. “आपण तटस्थ राहू. मंडळ अराजकीय आहे.” मग त्यांनी शिट्टी वाजवली आणि सगळे हसले. मीही हसलो, सवयीने. घरी पोचेपर्यंत आमच्या ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश आला होता: झाडं म्हणजे देव, खाली उगवता सूर्य आणि चार हात जोडलेले.

मग मी हरकत लिहायला बसलो. चार पानं लिहिली. त्यात ‘पर्यावरणीय समतोल’ तीनदा, ‘भावी पिढ्या’ पाचदा आणि ‘सबब’ तर मोजलेच नाहीत. बायकोला वाचून दाखवली. ती पोळ्या लाटत होती.

“याच्यात बगिचा कोठी हाय?” तिने विचारलं.

“अवं, सगळा बगिचाच आहे.”

“मले नाही दिसला. तुमी हे धरणावरही देऊ शकता अन् खाणीवरही.” तिने हात पुसले. “लिवा, मी सांगतो.”

आमच्याकडे बायकाही ‘मी सांगतो’ म्हणतात; राळेगावच्या बाजूची ही बोली तिने सासरी येऊन सोडली नाही आणि मला ती आवडते, पण त्या दिवशी आवडायला वेळ नव्हता. तिने सांगितलं ते एका पानात बसलं. आम्ही बायका रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा कडुनिंबाच्या ओट्यावर बसतो. घरी बसलं की कोणी ना कोणी काम सांगते. दुकानात बसलं की काही घ्या म्हणते. देवळात बसलं की भजन म्हणा म्हणते. इथं कोणी काही म्हणत नाही. ही जागा गेली तर दुसरी अशी जागा दाखवा, ती पाहून आमी सांगू.

मी दोन ठिकाणी ‘सबब’ घालायचा प्रयत्न केला. तिने घालू दिला नाही.

तो कागद घेऊन ती स्वतः ओट्यावर गेली. मी फाटकाजवळ थांबलो, मोडक्या शिंगाच्या हरणाच्या आडोशाला. लांबून पाहत होतो. आधी कुणी जागा करून दिली नाही; ती उभीच होती. उभ्याने काहीतरी बोलली. मग सिस्टरनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. शिंप्याच्या बायकोने पुन्हा वाचायला लावलं. भाजीवाल्या बाईला वाचता येत नाही. तिने एक एक ओळ बोट ठेवून विचारून घेतली आणि मग अंगठा दिला. किराणावाल्यांची सून म्हणाली, “माझं सासरचं आडनाव नका लिवू, माहेरचं लिवतो.” सह्या व्हायला तासभर लागला. आम्हा अकरा जणांना आमच्या कागदावर चार मिनिटं लागली होती, त्यातली दोन आलुबोंडे धरण्यात गेली.

शेवटी बायकोने हाताने मला बोलावलं. “तुमी करा आता. सर्वात खाली.”

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. यवतमाळहून एक अधिकारी मॅडम आल्या होत्या. पुढच्या खुर्च्यांवर माजी नगरसेवक भाऊ, आणि त्यांच्या शेजारी आमच्या शाळेचे सचिव. सचिवांचा बगिच्याशी काय संबंध, हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं की संकुलातला कोपऱ्यातला गाळा त्यांनी मनातल्या मनात घेऊन ठेवला होता. मागे बायका बसल्या होत्या, पिशव्या मांडीवर घेऊन, एसटीची वाट पाहत असल्यासारख्या.

मॅडमनी दोन्ही कागदांच्या झेरॉक्स शेजारी शेजारी ठेवल्या. “संमतीपत्रात पहिलं नाव तुमचं आहे. हरकतीत शेवटचं नाव तुमचं आहे. तुमचं नेमकं मत काय आहे?”

मागे कुणीतरी हसलं. मी म्हणालो, ती हजेरी होती मॅडम, संमती नव्हती.

“वर तर संमती लिहिलंय.”

“ते नंतर लिहिलं.”

“असं सगळेच म्हणतात,” भाऊ आरामात म्हणाले. “सर, तुमी आलुबोंडा खाल्ला की नाही?”

“दोन खाल्ले.”

“मंग. मीटिंग कायची हाये हे माहीत नसताना दोन खाल्ले?”

सगळं सभागृह हसलं. मी मॅडमना म्हणालो, मूळ कागद पाहायला मिळेल का. बाबूने फाइल उघडून दिली. पुसट झेरॉक्सवर जे दिसत नव्हतं ते मूळ कागदावर स्पष्ट होतं. चार ओळींची जागा सोडली होती आणि मजकूर झाला होता साडेचार ओळींचा. ‘सुसज्ज’ आणि ‘स्वखुशीने’ नसतं घातलं तर बसला असता, पण ज्याला मजकूर आटोपशीर लिहिता येत नाही अशा माणसाच्या हाती काम गेलं होतं. पाचवी ओळ खाली येता येता माझ्या सहीच्या शेपटाला अडली होती. अक्षरं लहान झाली होती, मग वाकली होती, आणि शेपटाला वळसा घालून पुढे गेली होती. ‘संम’ शेपटाच्या अलीकडे होतं आणि ‘ती’ पलीकडे.

मी बोटाने दाखवलं. मॅडमनी कागद उजेडात धरला.

“सही आधी नसती,” मी म्हणालो, “तर या माणसाला वळसा घालायचं काही कारण नव्हतं.”

“कदाचित मजकुरात जागा आधीच सुटली असेल आणि शेपूट नंतर तिच्यात बसलं असेल,” मॅडम म्हणाल्या. “सह्या आधी घेतात आणि मजकूर मागून लिहितात, हे तुम्ही इतक्या खात्रीने कसं सांगता?”

सचिव माझ्याकडे वळून पाहत होते. माझी नोकरी अजून सहा वर्षं उरली आहे. मी मागे पाहिलं. बायको माझ्याकडे पाहत नव्हती. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. घरी खिडकीशी उभी असते तेव्हा पडद्याच्या दोरीचं ती हेच करते.

“कारण मीही तसंच लिहितो, मॅडम,” मी म्हणालो. “शाळेची इतिवृत्तं. इतकी वर्षं. वर चार ओळी सोडतो, सह्या घेतो, मग लिहितो. फक्त माझा मजकूर चार ओळीत बसतो.”

सचिवांनी छताकडे पाहिलं. भाऊ हसायला गेले आणि कुणीच साथ देईना म्हणून खोकले. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, आणि काहीतरी लिहिलं. मग बायकांकडे पाहून विचारलं, “ही जागा मी आत्ता पाहू शकते का?”

सिस्टर उठल्या. “चला ना, पाच वाजतच आले.”

मॅडम ओट्यावर पंधरा मिनिटं बसल्या. कुणी त्यांना काही दिलं नाही, कुणी काही मागितलं नाही. उठताना त्यांनी भाजीवालीला विचारलं, रोज येता का. ती म्हणाली, “इथं नाही येऊ तं कोठी जाऊ, बाई?”

काही आठवड्यांनी पत्र आलं. संमतीपत्र विचारात घेता येत नाही, सबब प्रस्ताव फेरविचारार्थ परत. पत्रातला सबब पाहून मला घरच्यासारखं वाटलं. फेरविचार म्हणजे बगिचा वाचला असं नाही, हे मी जाणतो. फेरविचार म्हणजे पुढच्या वेळी कागद कोणीतरी मोजून मापून लिहील. पण फ्लेक्स उतरला. सकाळच्या मंडळाने ‘बगिचा वाचल्याबद्दल’ स्वतःचा सत्कार ठेवला, अध्यक्षांनी शाल घेतली आणि शिट्टी वाजवली. त्या दिवशी मी हसलो नाही. आता सकाळी मी उलट्या दिशेने फेऱ्या मारतो, म्हणजे दर फेरीत त्यांना एकदा समोरून पाहतो.

शाळेत सचिवांनी मला बोलावलं. ओरडले नाहीत. पुढच्या सभेपासून इतिवृत्त सभेतच लिहायचं आणि वाचून दाखवून मगच सह्या घ्यायच्या, असा तोंडी आदेश दिला. आमची अर्ध्या तासाची सभा आता तीन तास चालते. सभासदांना पहिल्यांदाच कळतंय की ते काय बोलतात, आणि त्याबद्दल ते मला माफ करायला तयार नाहीत.

पत्र आलं त्या संध्याकाळी बायको म्हणाली, चला, बायकांनी बोलावलं आहे. मी गेलो. ओट्यावर मला जागा करून दिली, टोकाला का होईना. भाजीवालीने सांबाराची जुडी हातात दिली. तुरीच्या शेंगांचा ढीग मध्ये होता. मीही चार सोलल्या, दोन दाणे खाली सांडले. कुणी काही म्हणालं नाही. कडुनिंबाखाली खरंच गार होतं, आणि बोलणं थांबत नव्हतं. मी मनातल्या मनात जरा फुशारलो. नोकरी पणाला लावून खरं बोललेला माणूस जसा बसतो, तसा बसलो.

बायको शेंगा सोलत होती. माझ्याकडे न पाहता तिने विचारलं, “पोरगी तुमच्या शाळेत होती तवा तीन वर्षं मी माता-पालक संघात होती ना? तुमी कागद घरी आणायचे, अन् मी पोळ्या करता करता सही करायची. वर जागा सोडली राहायची, मले आठवते. सहा-सहा ओळी.” सगळ्या जणींचे हात थांबले. तिने सोललेले दाणे पदरात घेतले आणि माझ्याकडे वळून बसली. “मी तिथं काय काय बोलली, थे सांगा आता. पह्यल्या मीटिंगपासून.”